कुलाबा किल्ला आणि सरत्या शरदातले पक्षी: ओहोटीत जावं की भरतीत?

मीनल_ठाणे:
मंडळी, नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतोय. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा, म्हणून हे दिवस. त्यातल्या शनिवारी अलिबागला जाऊन कुलाबा किल्ल्याच्या आसपासचे पक्षी बघायचा बेत आहे. सोबत माझी पाचवीतली लेक (पक्ष्यांच्या मागे वेडी) आणि सासरे (किल्ल्यांच्या मागे वेडे).

अडचण अशी की किल्ल्याबद्दल कुठेही वाचा, "ओहोटीच्या वेळी चालत जा" एवढंच लिहिलेलं असतं. पण पक्षीवाले मित्र म्हणतात की पूर्ण ओहोटीला पक्षी पार पाण्याच्या कडेला लांब जातात, दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात, भरतीलाच जा. भरतीत किल्ल्यावर जायचं कसं? आणि बेटावर जायलाच हवं का, की किनाऱ्यावरून जास्त दिसतं? ज्यांनी खरंच पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

अण्णा_रेवदंडा:
तिथी सांगा, मग बोलू. आमच्याकडे तारखेवरून समुद्रावर कोणी जात नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा किंवा वजा करा, की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही. भांगाच्या दिवशी कुलाब्याच्या वाटेवर ओहोटीतही पाणी राहतं, मग घोडागाडी करावी लागते.

मीनल_ठाणे:
अण्णा, कालनिर्णयात पाहिलं. शनिवारी कार्तिक वद्य तृतीया आहे, सकाळीच संपतेय. त्याच दिवशी संकष्टी.

अण्णा_रेवदंडा:
मग दिवस उत्तम निवडलात. पौर्णिमेनंतरचं उधाण अजून ओसरलेलं नसतं, आणि सुकती सकाळी साडेआठच्या सुमाराला. उन्हं चढायच्या आत जाऊन याल. संकष्टी असल्यामुळे किल्ल्यातल्या गणपतीला माणसं मात्र भरपूर असतील, ते धरून चाला.

त्रैराशिक:
अण्णांचा हिशेब सोयीचा आहे, पण त्यात थोडी तूट आहे. चंद्राच्या तीस तिथी, दिवसाचे चोवीस तास, म्हणजे दर तिथीला भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकते. बरोब्बर दोन घटका. पाऊणपट केली तर ४५ मिनिटं धरली जातात. दर तिथीला तीन मिनिटं मागे, त्यामुळे पंधराव्या तिथीला अख्खा पाऊण तास मागे: पौर्णिमेची भरती हिशेबात सव्वाअकराला, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. तृतीयेला फरक नऊ मिनिटांचा, म्हणजे काहीच नाही. तरी मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक हातात असू द्या.

अण्णा_रेवदंडा:
@त्रैराशिक, हिशेब मान्य. पण तूट कुठल्या बाजूला आहे तेही पाहा. सुकती खऱ्या वेळेच्या आधी धरली जाते, म्हणजे माणूस परतही आधीच फिरतो. पाण्याच्या बाबतीत चूक व्हायचीच असेल तर याच बाजूला व्हावी.

त्रैराशिक:
हे पटलं. याला उत्तर नाही माझ्याकडे.

शिरीष_पाणथळ:
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो फार नेमका आहे.

चिखल्या, तुतारी, सँडरलिंग, टर्नस्टोन, कर्ल्यू हे सगळे किनारी पक्षी पाण्याखालून उघड्या पडणाऱ्या जागेवर जगतात. ओहोटी लागली की त्यांचं जेवण सुरू, भरतीला जेवणाचं ताट पाण्याखाली, मग सगळे उंच राहिलेल्या खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) किंवा पुळणीच्या (वाळूच्या किनाऱ्याच्या) वरच्या अंगाला गोळा होऊन विसावा घेतात. दिवस-रात्रीशी त्यांना फारसं देणंघेणं नाही, रात्रीच्या ओहोटीलाही चरतात. त्यामुळे पूर्ण ओहोटीला ते विखुरलेले आणि लांब, पूर्ण भरतीला एकत्र पण झोपेत, मान पंखात खुपसून. चोच दिसत नाही तर ओळखणार कसं?

बघायची खरी वेळ या दोन्हींच्या मधली आहे. पाणी परत चढायला लागलं की पहिले दोन-अडीच तास पक्षी पाण्याच्या पुढे पुढे चरत आपल्याकडे येतात. आपण एका जागी बसून राहायचं, त्यांच्या मागे धावायचं नाही.

सकाळी जाण्यात आणखी एक फायदा. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिम अंगाला, म्हणजे जाताना सूर्य पाठीशी. सगळे रंग नीट दिसतात. संध्याकाळी तीच पुळण, तेच पक्षी, पण डोळ्यांवर ऊन आणि समोर नुसत्या काळ्या आकृत्या. शिवाय नोव्हेंबरात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, समुद्र शांत असतो. दुपारी खारं वारं सुटलं की स्कोप (तिवईवरची दुर्बीण) हलायला लागतो.

खडपाळ भागाकडे विशेष लक्ष द्या. टर्नस्टोन तिथे सापडेल. छोटा, आखूड नारिंगी पायांचा, खडकाच्याच रंगाचा, हलला नाही तर दिसत नाही. त्याची चोच जराशी वर वळलेली असते. ती तो शिंपल्याखाली घालतो आणि मानेच्या एका झटक्यात शिंपला उलथतो. खाली काही नसलं तर पुढचा. एकदा तर स्वतःच्या देहाएवढ्या शेवाळाच्या गुंडाळीला तो पुन्हा पुन्हा छाती लावून ढकलत होता, आणि शेवटी खालून निघालेला खेकडा शेजारच्याने पळवला. हे पाहायला लेकीला नक्की घेऊन जा.

कोकणकन्या_७७:
शिरीषदादा, कालवफोड्या दिसतो का तिकडे? काळापांढरा, लांब लाल चोचीचा.

शिरीष_पाणथळ:
हो, पण किल्ल्यापेक्षा दक्षिणेला आक्षी-नागावच्या पुळणीवर जास्त भरवसा. तिथे माणसांची वर्दळ कमी. सकाळी कुलाबा आणि संध्याकाळी आक्षी असं जमत असेल तर बघा.

सासवडकर:
आणि आक्षीला गेलात तर शिलालेख पाहिल्याशिवाय येऊ नका. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. सासरेबुवा खूश होतील.

निखिल_बोरिवली:
बॉसला रजेचं कारण "वद्य तृतीया, सकाळची सुकती" असं लिहून पाठवतो. गूगल करत बसेल दिवसभर.

डीकाठचा:
मी लिव्हरपूलजवळ राहतो. इथे डी नदीच्या मुखाशी हिल्ब्री नावाचं बेट आहे, कुलाब्यासारखंच, ओहोटीत चालत जायचं. वेस्ट कर्बीच्या धक्क्यावरून निघतात आणि सरळ न जाता आधी लिटल आय, मग मिडल आय या छोट्या बेटांवरून वळसा घेत जातात, कारण सरळ वाटेवर चिखल आणि पाण्याचे ओघळ. तांबड्या वालुकाश्माचं, जेमतेम दहा-बारा एकराचं बेट. १९५७ पासून तिथे पक्षी निरीक्षण केंद्र आहे, स्वयंसेवक चालवतात, पक्ष्यांना ओळखीसाठी पायात कडी घालतात.

मीनलताईंचा प्रश्न इथे रोजचा आहे आणि इथल्या लोकांचं उत्तर ठरलेलं आहे: भरतीच्या तीन तास आधी बेटावर पोचा, भरती बेटावरच काढा, आणि भरतीनंतर तीन तासांनी परता. मधले पाच-सहा तास चारी बाजूंनी पाणी. त्या वेळात चरायला पसरलेले सगळे पक्षी बेटाच्या कडेला येऊन बसतात. नोव्हेंबरात पर्पल सँडपायपर खडकांवर असतात, अंगावर लाट फुटली तरी जागचे हलत नाहीत. कॅनडाच्या आर्क्टिक भागातून आइसलँडमार्गे आलेले फिक्या पोटाचे ब्रेंट गीज असतात. लांबच्या वाळूच्या दांड्यावर करडे सील. वायव्येचं वादळ सुटलं तर समुद्रात आत राहणारे पक्षीही बेटाजवळून जातात. बेटावर प्यायला पाणी नाही, दुकान नाही, वारा हाडात शिरतो. पण जे दिसतं ते किनाऱ्यावरून कधीच दिसत नाही.

म्हणून माझं मत: भरती बेटावरच काढावी. कुलाब्यात तर आत गोड्या पाण्याचं तळंही आहे.

कॅमेरा_केदार:
+१. किल्ल्यात अडकून राहणं हीच तर मजा.

मधुरा_रायगड:
डीकाठचा, तुमचं वर्णन वाचून हिल्ब्रीला यावंसं वाटलं. पण सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि स्पष्टच लिहिते, कारण लोक असलं वाचून निघतात.

वद्य तृतीयेला सुकती साडेआठला. भरती दुपारी अडीचला. पुढची सुकती रात्री नऊला. म्हणजे भरती किल्ल्यावर काढली तर वाट मोकळी होईपर्यंत अंधार पडलेला. दहा वर्षांची मुलगी आणि वयस्क माणूस घेऊन अंधारात निसरड्या खडपांवरून? पौर्णिमेच्या दिवशी गणित निदान जुळतं: सकाळी सातच्या आधी किल्ल्यात, दुपारी बाराला भरती, संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर. पण तेही स्थानिक माणसाला विचारून, आणि किल्ल्याच्या लोकांना कल्पना देऊनच.

आणि चढणारं पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाचा चार मीटरचा चढउतार धरा: पहिल्या तासात फूटभर, आणि तिसऱ्या एका तासात मीटरभर. पहिला तास बघून "अजून खूप वेळ आहे" असं वाटतं, तिथेच माणसं फसतात. शिवाय पाणी समोरून येत नाही. पुळण मध्ये थोडी उंच असली तर ते मागून, किनाऱ्याच्या बाजूच्या खोलगट भागात आधी भरतं. तुम्ही पक्षी बघत समोर तोंड करून बसलेले, आणि परतीची वाट मागे कमरेएवढी.

डीकाठचा:
मधुराताई, तुमचं बरोबर. इथेही लोक अडकतात आणि बचावाची बोट बोलवावी लागते. हिल्ब्रीलासुद्धा दुपारी भरती असेल असाच दिवस निवडतात, हे लिहायला हवं होतं. माझा सल्ला पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांपुरता समजावा.

अण्णा_रेवदंडा:
मधुराने लाखातलं लिहिलं. सुकतीनंतर तासाभरात किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर, एवढं पाळा. घोडागाडीवाल्यांना विचारा, त्यांना वाट कुठे खोल होते ते ठाऊक असतं.

गडवेडी_सुनंदा:
किल्ल्याच्या आतल्या पक्ष्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात आणि तटाकडे पाठ.

१६८० च्या मार्चमध्ये शिवाजी महाराजांनी याचं काम सुरू केलं आणि पुढच्याच महिन्यात महाराज गेले. काम संभाजी महाराजांनी पुरं केलं. तटाचे मोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि जोर मोडतो. सव्वातीनशेहून अधिक वर्षं तट उभा आहे तो यामुळे. आता त्याच फटी हिवाळ्यात निळ्या शैलकस्तुराच्या कामाला येतात. नर लांबून काळसर वाटतो, ऊन पडलं की खरा निळा. एकटाच असतो, बुरुजाच्या कोपऱ्यावर बसतो, अंग जरा खाली झुकवतो आणि किडा दिसला की खाली झेपावून पुन्हा त्याच चिऱ्यावर येतो. मला सह्याद्रीतल्या गडांवर तो नेहमी भेटतो. समुद्रातल्या किल्ल्यावर, भोवती लाटा फुटत असताना त्याला पाहणं मात्र वेगळंच.

तळ्याकाठी धोबी, पडक्या भिंतींवर थिरथिरा (शेपूट सारखी थरथरत असते), झाडीत बुलबुल आणि सूर्यपक्षी. उत्तरेला सर्जेकोटाच्या (शेजारच्या छोट्या किल्ल्याच्या) बाजूने खाली खडपं दिसतात. तटावरून खाली बघितलं तर समुद्री बगळे पायाशी शिकार करताना दिसतात. सासऱ्यांना कान्होजी आंग्र्यांच्या गोष्टी सांगू द्या, तुम्ही तटावर बसा.

मीनल_ठाणे:
सुनंदाताई, हे कामाचं आहे, दोघांचंही भागेल. समुद्री बगळा आणि आपला नेहमीचा छोटा बगळा यांत फरक कसा करायचा? लेक विचारतेय. आणि चिखल्यांचे प्रकारही.

शिरीष_पाणथळ:
समुद्री बगळा दोन रंगांत येतो. गडद राखाडी, गळ्यावर पांढरा डाग असलेला, तो चटकन ओळखू येतो. पांढऱ्या रंगाचा असेल तर चोच बघ: छोट्या बगळ्याची काळी, बारीक. याची जाड आणि पिवळसर-तपकिरी. शिवाय वागणूक. हा उथळ पाण्यात पंख अर्धे उघडून धावतो, थबकतो, झटकन वळतो.

चिखल्यांसाठी आधी मान बघायची. मानेभोवती मागून पुढून पूर्ण पांढरी पट्टी असेल तर केंटिश चिखल्या. मागे पांढरं नसेल तर सँड प्लोव्हर. त्यातल्या छोट्याची चोच आखूड आणि डोकं गोल, मोठ्याची चोच लांब, जाड. दोघे शेजारी उभे राहिले की सोपं, एकटा भेटला की जाणकारही थांबतात. आणि एक नवीन: पूर्वी ज्याला लेसर सँड प्लोव्हर म्हणत होतो, त्याच्या आता दोन जाती केल्या आहेत, तिबेटन आणि सायबेरियन. आपल्या किनाऱ्यावर येतो तो तिबेटन. तिबेट-लडाखच्या पठारावर वीण करून इथे समुद्रसपाटीला हिवाळा काढतो. लेकीला नकाशा उघडून ती वाट बोटाने काढायला सांगा.

कर्ल्यू आणि व्हिंब्रेलसाठी डोकं बघायचं. व्हिंब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे, चोच त्यामानाने आखूड, आणि उडताना एका दमात सात-आठ शिट्ट्या.

कॅमेरा_केदार:
हे सगळं ठीक, पण फोटोत उडता थवा हवाच. मी मित्राला पुढून चालत पाठवतो, थवा उठतो, मस्त फ्रेम मिळते. पाच मिनिटांत परत बसतात, त्यात काय?

मधुरा_रायगड:
त्यात बरंच काही, केदार. भरतीला थवा बसतो तो दोन जेवणांच्या मधला विसावा. तेव्हा खायला काहीच उपलब्ध नसतं. उठवलं की साठवलेली ताकद जाते आणि भरून काढायला पुढची ओहोटी यावी लागते. तुम्ही एकदा उठवता. तुमच्या आधी कुत्री, नंतर वाळूवर फिरणाऱ्या चारचाकी बाईक, मग बोटी, मग दुसरा कॅमेरा. पक्ष्याच्या दृष्टीने दिवसभर हेच. यातल्या काहींना एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडून आर्क्टिकला परतायचंय.

शिरीष_पाणथळ:
आणि फोटोसाठीही गरज नाही. चढत्या पाण्यात एका खडपाआड बसून राहा, थवा आपोआप उठून तुमच्याकडे सरकतो. ससाणा किंवा घार वरून गेली तरी उठतो. एका पक्ष्याने मान वर केली की थांबा. दोन-तिघांनी केली की एक पाऊल मागे. मला सगळ्यात जवळचे फोटो बसून राहूनच मिळाले आहेत.

कॅमेरा_केदार:
बरं, यावेळी बसून बघतो. फोटो इथेच टाकेन.

आरती_गिरगाव:
थोडं विषयांतर, पण जाताना भाऊच्या धक्क्याहून रो-रोने किंवा गेटवेहून कॅटामरानने मांडव्याला जाणार असाल तर वाटेत बोटीमागे कुरव (सीगल) उडतात. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे दोन्ही. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं, कानाशी फक्त एक ठिपका, म्हणून नावावर जाऊ नका. तपकिरीचा डोळा फिका आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग, काळ्या डोक्याचा डोळा गडद. इतके जवळ येतात की दुर्बीण लागत नाही.

फक्त त्यांना शेव-गाठ्या टाकू नका हो. मीठ-तेल-मसाल्याचं ते खाणं त्यांचं नाही. मुलांना मजा वाटते हे खरं, पण मूल समजावलं तर ऐकतं. मोठेच हट्ट करतात.

निखिल_बोरिवली:
आरतीताई, धार्मिक भावनेने टाकतात काही लोक. त्यांना कसं सांगायचं?

आरती_गिरगाव:
भांडून नाही. मी दुर्बीण त्यांच्या हातात देते आणि डोळ्याचा रंग बघायला सांगते. दुर्बिणीला दोन्ही हात लागतात.

सासवडकर:
हा उपाय आवडला!

कोकणकन्या_७७:
अलिबागला जाताय तर किहीमचा उल्लेख कसा कोणी केला नाही? सालिम अली १९३० च्या सुमाराला हातात नोकरी नसताना तिथे राहत होते, आणि तिथेच त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. नर अर्धवट घरटं बांधून ठेवतो, मादी येऊन पसंत करते, मग पुरं करतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो, हे तिथे रोज बसून टिपलेलं. पक्षी सप्ताहात मांडव्याहून अलिबागला जाताना वाटेत किहीमला थांबणं तर झालंच पाहिजे. लेकीला तीच गोष्ट सांगा.

मीनल_ठाणे:
सगळ्यांचे खूप आभार. असं ठरवलंय, कुठे चुकत असेल तर सांगा.

शुक्रवारी दुपारी मांडवामार्गे, वाटेत किहीम, रात्री अलिबाग. शनिवारी सात वाजता पाणी उतरत असताना किल्ल्याकडे. सासरे देऊळ आणि तट बघतील, मी आणि लेक तटावरून शैलकस्तूर आणि खालचे बगळे. साडेनऊला किल्ल्यातून बाहेर. मग किनाऱ्यावर येऊन, कोरड्या वाळूत पाठ टेकून, साडेअकरापर्यंत पाणी आणि पक्षी आमच्याकडे येताना बघायचे. दुपारी विश्रांती, संध्याकाळी आक्षी. भरती किल्ल्यावर काढायचा विचार पुढच्या एखाद्या पौर्णिमेला, स्थानिक माणूस सोबत घेऊन.

मधुरा_रायगड:
एकदम बरोबर. ओल्या खडपांवर चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला. कालवांच्या कडा पाय कापतात. किनाऱ्यावर बसाल ती जागा गर्दीच्या चौपाटीपासून जरा लांब, दक्षिणेला निवडा.

अण्णा_रेवदंडा:
सातला नाही, पावणेसातला निघा. संकष्टीची गर्दी आठनंतर वाढते, त्याआधी पुळणीवर पक्षीच जास्त असतील. आणि आक्षीला ऊन कलल्यावर जाल, तेव्हा पाणी उतरू लागलेलं असेल. तिथे पाण्याच्या मागे मागे जायचं, सकाळच्या उलट.

शिरीष_पाणथळ:
अण्णा म्हणतात ते बरोबर, आणि आक्षीला सूर्य समोर येईल, म्हणून थोडं तिरकं, उत्तरेकडे तोंड करून बसा. मी त्या शनिवारी स्कोप घेऊन येतोय. साडेनऊनंतर किनाऱ्यावर भेटू, लेकीला टर्नस्टोन स्कोपमधून दाखवतो. आणखी कोणाला यायचं असेल तर इथेच नाव लिहा, पण पाच-सहा जणांपेक्षा जास्त नको.

निखिल_बोरिवली:
माझं नाव लिहा. रजा मंजूर झाली.